रस निघाला की घड्याळ सुरू होतं

कोल्ड प्रेस, म्हणजेच स्लो, ज्यूसर विकणारा दुकानदार एक वाक्य हमखास ऐकवतो: "यात उष्णता होत नाही, त्यामुळे जीवनसत्त्वं मरत नाहीत." फेऱ्यांचा हिशेब त्याचा बरोबर असतो. या यंत्राचा स्क्रू मिनिटाला पन्नास-साठ फेरे घेतो. जुन्या सेंट्रिफ्यूगल ज्यूसरची जाळी दहा हजारांच्या आसपास फिरते आणि मिक्सरचं पातं बहुतेक वेळा त्याहूनही जोरात. उष्णतेची गोष्ट मात्र तपासून घ्यायला हवी. एवढं गरगर फिरूनही मिनिटाभरात रसाचं तापमान फार तर काही अंशांनी चढतं. मे महिन्यात, शेजारी गॅस चालू असताना, मुंबईच्या ओट्यावरचं गाजर मुळातच बत्तीस-तेहतीस अंशांवर असतं. फ्रिजमधलं गाजर मिक्सरमधून काढलं तरी त्याचा रस, टोपलीतल्या गाजराच्या, महागड्या यंत्रातून काढलेल्या रसापेक्षा गारच निघेल. बहुतेक एन्झाइम मोडायला साठ-सत्तर अंश लागतात. क जीवनसत्त्वही दोन-चार अंशांनी पळून जात नाही.

मग फरक काहीच नाही का? आहे, पण तो हवेचा आहे. वेगाने फिरणारं पातं रसात हवा घुसळतं. मिक्सरमधल्या अननसाच्या रसावर दोन बोटं फेस येतो, तो याच हवेचा. सावकाश फिरणारा स्क्रू फळ जाळीवर दाबत नेतो, त्यात हवा कमी मिसळते. रस दाट आणि एकजीव निघतो, चोथाही बऱ्यापैकी कोरडा पडतो.

हवेला एवढं का भ्यायचं, हे कळायला सफरचंदाच्या पेशीत डोकवावं लागतं. पेशीच्या मधल्या मोठ्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत, साखर, आम्लं आणि फिनॉल जातीची रसायनं असतात. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम लवकांमध्ये असतं. एका चाळीतल्या दोन खोल्यांत दोन भांडखोर बिऱ्हाडं राहावीत, तसं दोघांचं असतं: मधली भिंत शाबूत आहे तोवर शांतता. यंत्र ती भिंत पाडतं, हवेतला प्राणवायू आत येतो आणि एन्झाइम फिनॉलचं रूप पालटायला लागतं. त्यातून तपकिरी रंग तयार होतो. सफरचंदाचा रस पाच मिनिटांत चहासारखा दिसायला लागतो तो यामुळे. स्लो ज्यूसरमध्येही हे होतं, थोडं उशिरा एवढंच.

लिंबू पिळायची आपली सवय इथे दोन बाजूंनी कामाला येते. रसाचा सामू (pH; तो जितका कमी तितका रस आंबट) तीनच्या खाली गेला की हे एन्झाइम जवळजवळ गप्प बसतं. दुसरं म्हणजे लिंबातलं क जीवनसत्त्व, बदललेल्या फिनॉलना परत मूळ रूपात आणतं. मात्र ते करताना ते स्वतः खर्च होतं आणि संपलं की रस काळवंडतोच. म्हणून लिंबू सगळ्यात शेवटी वरून पिळण्यापेक्षा फळाच्या फोडींबरोबरच यंत्रात घालावं. आणि हो, तांब्याच्या भांड्यात रात्रभर पाणी ठेवणाऱ्यांनी त्यात रस ठेवू नये. तांब्याचे आयन क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण भराभर वाढवतात. काच किंवा स्टील उत्तम.

मोसंबीची तऱ्हा वेगळी आहे आणि इथे महागडं यंत्र चक्क हरतं. मुंबईत आजारी माणसाला भेटायला जाताना मोसंबी न्यायची रीत अजून आहे. त्यातली बरीचशी जालना-संभाजीनगरच्या पट्ट्यातून येतात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही आहे. मोसंबीचा ताजा रस गोड लागतो, पण तोच रस तासाभराने प्यायला तर घशाशी कडवटपणा येतो. रस नासलेला नसतो. अख्ख्या फळात कडू द्रव्य जवळजवळ नसतंच. पांढऱ्या पापुद्र्यात आणि बियांत त्याचं एक बिनकडू पूर्वरूप असतं. पेशी फुटून ते आम्लात मिसळलं की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि लिमोनिन इतकं कडू की दहा लाख भाग रसात पाच-सहा भाग असलं तरी जिभेला कळतं.

आता गंमत बघा. स्लो ज्यूसरचा स्क्रू फोडी चांगल्या रगडतो, म्हणजे पापुद्राही रगडतो आणि बियाही. जितकं जास्त पिळाल तितका कच्चा माल जास्त. अर्धं फळ उंचवट्यावर दाबून फिरवायचं जुनं प्लास्टिकचं किंवा काचेचं भांडं फक्त गराला हात लावतं, पांढरा भाग सालीलाच राहतो. घरी एकाच मोसंबीच्या जातीचा रस दोन्ही रीतींनी काढा, अर्धा लगेच प्या, अर्धा झाकून फ्रिजमध्ये तासभर ठेवा आणि मग चाखा. मोसंबी, संत्रं, लिंबू यांच्यासाठी पाच आकडी किमतीचं यंत्र घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तसंही सावकाश दाबून रस काढणं आपल्याला नवं नाही. रसवंतीगृहातला घुंगरू लावलेला चरक दुसरं काय करतो? जाडजूड रूळ संथ फिरतात, ऊस चेपत जातो. मग रसवंतीवाला ते चेपलेलं कांडं दुमडून, मधे आल्याचा तुकडा आणि लिंबाची फोड धरून पुन्हा आत सरकवतो, शेवटी कोरडं चिपाड बाहेर पडतं. उसाच्या रसातही तेच एन्झाइम असतं, म्हणून लिंबाविना ठेवलेला रस काळपट होतो. घरात सोलकढीसाठी नारळाचा चव पंच्यात घालून पिळतात, तोही त्याच जातीचा प्रकार. स्टेशनाबाहेर मिळणारा, ओट्याला चिकटवून हाताने फिरवायचा प्लास्टिकचा ज्यूसर आठवतोय? त्याच्या पोटातही स्क्रूच असतो आणि तुमचा हात मिनिटाला साठाच्या वर फेरे घेत नाही. डाळिंब, द्राक्षं, कलिंगड यांना तो पुरतो. गाजर, बीट, आवळा अशा कडक मालाला मात्र मोटर हवी, किंवा मिक्सर आणि मलमलचं फडकं.

आता खरं काळजीचं. मार्च २०१९ मध्ये कुर्ला स्टेशनवरच्या लिंबूसरबताचा एक व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि मध्य रेल्वेने स्टेशनांवरची सुटी सरबतं बंद केली. बाहेरचं नको, घरचंच बरं, हे तेव्हा अनेकांना पटलं. पण घरचा रसही कच्चाच असतो. आपल्याकडे पालक, माठ शिजवून खायची पद्धत आहे, त्यात जंतू मरतात. रस काढताना पानावरचे जंतू थेट पेल्यात उतरतात. त्यातून तो पालक रुळांच्या कडेला, नाल्याच्या पाण्यावर वाढलेला असला तर बोलायलाच नको. आंबट रस सुरक्षित असतो हेही अर्धवट खरं आहे. १९९६ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात आणि कॅनडात न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलायचा एक घातक प्रकार पसरला, साठहून अधिक लोक आजारी पडले आणि एक मूल दगावलं. सफरचंदाचा रस चांगला आंबट असतो, तरी तो जंतू त्यात तगून राहिला.

गाजराचा रस आंबटही नसतो. त्याचा सामू सहाच्या आसपास, म्हणजे जंतूंना मोकळं रान. २००६ मध्ये बाटलीबंद गाजराच्या रसातून अमेरिका आणि कॅनडात बोट्युलिझमची विषबाधा झाली. तो रस तापवलेला होता, पण ही विषबाधा करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू त्यातून वाचतात आणि रस पुरेसा थंड न राहिल्यावर ते जागे होऊन विष तयार करतात.

म्हणून सकाळी सहाला रस काढून, बाटलीत भरून, फास्ट लोकलने ऑफिसात पोचून अकरा वाजता प्यायचा बेत सोडून द्यावा. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्या वेगाने चार तासांत एकाचे चार हजारांवर होतात. बॅगेतल्या बाटलीत वेग थोडा कमी असेल, पण मुंबईचा उकाडा त्यांच्याच बाजूने असतो. न्यायचाच असेल तर बर्फगार थर्मासमधून न्यावा. नाहीतर दोन मोसंबी न्यावीत.

मग दुकानातल्या कोल्ड प्रेसच्या बाटल्या फ्रिजमध्ये कित्येक दिवस कशा टिकतात? त्यातल्या बऱ्याच बाटल्या भरल्यावर पाण्याच्या प्रचंड दाबाखाली ठेवलेल्या असतात. हा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे सहा हजार पटीपर्यंत जातो. जगातल्या सर्वांत खोल समुद्रात, मरियाना गर्तेच्या तळाशीही तो अकराशे पटीच्या आतबाहेर असतो. पाण्याखाली दाब सगळीकडून सारखा येत असल्याने बाटली फुटत नाही, पण जंतूंचा कारभार कोलमडतो. बर्ट हाइट या अमेरिकी संशोधकाने १८९९ मध्ये दुधावर असे प्रयोग केले होते, आणि १९९० च्या सुमारास जपानमध्ये या पद्धतीचे जॅम बाजारात आले. आपल्या ओट्यावर हे होणे नाही. घरच्या रसाचं आयुष्य दुकानातल्या बाटलीवरून ठरवू नये ते यासाठी.

शिवाजी पार्क असो की जॉगर्स पार्क, सकाळी फिरणाऱ्यांसाठी बाहेर आवळा, कारलं, दुधी, गव्हांकुर यांचे रस मांडलेले असतात. यातला दुधी जपून. दुधी, काकडी यांच्या कुळात क्युकरबिटासिन नावाची कडू रसायनं असतात. काकडी देठाकडे कडू लागते ती त्यामुळेच. एखादा दुधी फार कडू निघतो. भाजीत तो कळतो आणि आपण भाजी टाकून देतो. रस मात्र 'कडू म्हणजे औषधी' म्हणून नाक दाबून पिणारे आहेत, आणि कारल्यात मिसळला की कडूपणा ओळखूही येत नाही. २०१० मध्ये दिल्लीत असा रस प्यायल्यावर एका ज्येष्ठ वैज्ञानिकाचा मृत्यू झाला. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने साधा सल्ला दिला: दुधीचा तुकडा आधी चाखा, कडू असेल तर फेकून द्या, दुसऱ्या रसात मिसळू नका, आणि रसानंतर उलट्या-जुलाब झाले तर थेट हॉस्पिटल गाठा. याला उतारा नाही. पालक-बीटचा रस रोज पेलाभर पिणाऱ्यांनी, विशेषतः मुतखड्याचा त्रास असेल तर, त्यातल्या ऑक्झॅलेटसाठी, म्हणजे मुतखड्याला हातभार लावणाऱ्या क्षारासाठी, डॉक्टरांना विचारावं. बीटने लघवी लाल झाली तर मात्र घाबरायचं कारण नाही, काहींना होते.

राहिली साखर. १९७७ मध्ये ब्रिस्टलमध्ये दहा जणांना सारख्याच साखरेची सफरचंदं तीन रूपांत दिली: अख्खी, लगदा करून आणि रस काढून. रस अख्ख्या फळाच्या अकरा पट वेगाने पोटात गेला, पोट कमी भरलं, इन्सुलिन जास्त चढलं आणि नंतर रक्तातली साखर झपकन खाली आली. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर मोकळ्या साखरेत, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच गटात, धरते, आणि दिवसाला दोन हजार कॅलरींच्या आहारात ती ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ च्या आत ठेवायला सांगते. मोसंबीच्या पाव लिटर रसात वीसेक ग्रॅम जातात. उसाच्या रसात १०० मिलिलिटरला १३ ते १५ ग्रॅम असतात. स्लो ज्यूसर असो वा मिक्सर, गाळणीने चोथा वेगळा केला की हे गणित तेच.

रसाच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. गाजरातलं कॅरोटीन जाड भिंतींत अडकलेलं असतं, दळल्यावर ते सुटतं आणि जास्त अंगी लागतं. पण सोबत थोडी चरबी हवी. म्हणून गाजराचा छोटा पेला तूप लावलेल्या पोळीबरोबर घ्यावा, उपाशीपोटी नको. चोथा ओल्या कचऱ्यात जाऊ देऊ नका. गाजर-बीटचा चोथा थालीपिठाच्या भाजणीत कांदा, ओवा आणि तिखटाबरोबर छान मिळून येतो. तो कोरडा असतो, तेव्हा पाणी जरा जास्त लागतं. त्याच दिवशी वापरा, तोही आंबतो. आणि पेला तोंडाला लावण्याआधी यंत्राची जाळी नळाखाली धरून ब्रशने घासून टाका. वाळलेलं गाजर त्या बारीक भोकांत बसलं की मग टाचणी घेऊन बसावं लागतं.