फ्रँकलिन आणि ‘पोस्ट’: मुखपृष्ठावरची थाप

‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ हे अमेरिकी साप्ताहिक बेंजामिन फ्रँकलिनने काढलं, असं आजही बिनदिक्कत सांगितलं जातं. सांगणाऱ्याचा तरी काय दोष? मुखपृष्ठावर वर्षानुवर्षं छापलेलंच असायचं: ‘स्थापना इ.स. १७२८, बेंज. फ्रँकलिन’. पण फ्रँकलिन वारला १७९० मध्ये आणि ‘पोस्ट’ फिलाडेल्फियात निघालं १८२१ मध्ये! १७२८ हे साल मुळात ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ या वेगळ्याच वृत्तपत्राचं. गंमत म्हणजे तेही सुरू केलं सॅम्युअल कीमरने. फ्रँकलिनने ते १७२९ मध्ये विकत घेतलं. १८९७ मध्ये सायरस कर्टिसने डबघाईला आलेलं ‘पोस्ट’ अवघ्या १,००० डॉलरला घेतलं. पुढे त्याच्याच कंपनीने ही उसनी वंशावळ मुखपृष्ठावर मिरवली. धंदा म्हणून चालही झकास.