जिवाणूंपासून बनणारे वैद्यकीय प्लास्टिक : नागपुरातून परवानगीचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

कार्बन भरपूर आणि नायट्रोजन किंवा फॉस्फरस अपुरा, अशा स्थितीत काही जिवाणू पेशीच्या आत पॉलिहायड्रॉक्सीअल्कनोएट, म्हणजे पीएचए, साठवून ठेवतात. हेच ते विघटनशील प्लास्टिक. याच कुळातल्या पी४एचबीपासून केलेल्या, शरीरात विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्याला अमेरिकेच्या अन्न व औषध नियामकाने (एफडीए) २००७ मध्ये मान्यता दिली. नागपूरलाही हा विषय नवा नाही. सांडपाण्यातून पीएचबी, म्हणजे याच कुळातले एक प्लास्टिक, मिळवण्यावर इथल्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे नीरीमध्ये, संशोधन झाले आहे. आपला पदार्थ रुग्णापर्यंत न्यायचा असेल, तर अर्ज कोणते, कुठे आणि कोणत्या क्रमाने करायचे, ते इथे सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. ते हातात असले तरी वैद्यकीय वापराची परवानगी मिळत नाही. मातीत कुजणे आणि माणसाच्या ऊतीत सुरक्षितपणे विरघळणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. दुसरीसाठी वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. ते १ जानेवारी २०१८ पासून अमलात आहेत.

उपकरणाचा वर्ग

या नियमांत जोखमीनुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गाचा उत्पादन परवाना राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते. सी आणि डी वर्गाचा परवाना केंद्राकडून, म्हणजे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून (सीडीएससीओ) मिळतो. शरीरात पूर्ण किंवा बहुतांश शोषले जाणारे रोपण, म्हणजे शरीरात बसवायचे उपकरण, सर्वाधिक जोखमीच्या डी वर्गात धरले जाते. त्यामुळे पीएचएचा स्क्रू, जाळी किंवा ऊतीसाठीचा साचा करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून केंद्राच्या अर्जाचीच तयारी ठेवावी.

फाइल जिवाणूपासून सुरू होते

बहुतेक जण इथेच मागे पडतात. पॉलिमर तयार झाल्यावर कागद जमवायला बसले, की मूळ जिवाणूचा इतिहास सापडत नाही, आणि तो मागाहून तयार करता येत नाही. म्हणून जिवाणू कुठून आणला, त्याची ओळख कशी पटवली, पेशीसाठा कसा जतन केला, किण्वनात कोणती साखर किंवा तेल वापरले, पॉलिमर कोणत्या द्रावकाने काढला, याची प्रत्येक बॅचची नोंद तारीख आणि सहीसह ठेवा. सांडपाण्यातली मिश्र जिवाणूसंख्या पिशवीच्या प्लास्टिकला चालेल. रोपणासाठी मात्र शुद्ध कल्चर आणि ठरलेले माध्यमच वापरा.

जिवाणू विदर्भातल्या मातीतून किंवा नाग नदीच्या गाळातून वेगळा केला असेल, तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो. व्यावसायिक वापराआधी महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाला कळवावे लागते. या मंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे, तेव्हा हे काम लवकर उरकून घ्यावे. पेटंटसाठी आणि परदेशी नियंत्रणाखालील कंपनीसाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावे लागते. जनुकीय बदल केलेला ई. कोलाय हा जिवाणू वापरत असाल, तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी काम सुरू करण्याआधीच हवी.

सगळ्यात जपायचे ते एंडोटॉक्सिनला. ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या (ई. कोलाय त्यातलाच) जिवाणूच्या पेशीभित्तिकेतला हा विषारी अंश पॉलिमरला चिकटून आला, तर रुग्णाला ताप येतो, सूज येते. अमेरिकी मर्यादा एका उपकरणामागे २० एंडोटॉक्सिन एकक आहे. मेंदू-मज्जारज्जूच्या द्रवाशी संपर्क येत असेल, तर फक्त २.१५. शुद्धीकरणाच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे फाइलमध्ये ठेवा. निर्जंतुकीकरणाची पद्धतही लवकर ठरवा. गॅमा किरणांनी पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, म्हणजे धाग्याची ताकद आणि विरघळण्याचा काळ दोन्ही बदलतात. चाचण्या निर्जंतुक केलेल्या अंतिम नमुन्यावरच करून घ्या.

पात्रता आणि अर्जांचा क्रम

अर्ज कंपनी, भागीदारी संस्था किंवा संशोधन संस्था करू शकते. उत्पादनावर देखरेख ठेवणारी व्यक्ती अभियांत्रिकी, औषधनिर्माण किंवा विज्ञानाची पदवीधर आणि किमान २ वर्षांच्या अनुभवाची असावी.

विक्रीसाठी नव्हे, तर चाचणीसाठी उपकरण बनवायलाही परवानगी लागते. त्यासाठी सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून सीडीएससीओकडे एमडी-१२ क्रमांकाचा अर्ज भरायचा. परवाना एमडी-१३ मध्ये मिळतो. शुल्क प्रत्येक वेगळ्या उपकरणाला ५०० रुपये. उपकरणाचे वर्णन, घटक आणि हेतू, चाचणीचा आराखडा, यंत्रसामग्री व मनुष्यबळाची माहिती आणि माल विकणार नाही असे हमीपत्र जोडा. किती नग हवेत याचे कारण नीट लिहा.

मग आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार जैवसुसंगततेच्या, म्हणजे पदार्थ शरीराला अपाय करत नाही ना, हे पाहणाऱ्या चाचण्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत त्या होतात. प्राण्यांवरच्या चाचणीला प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागते.

भारतात आधी मान्य झालेले तसेच उपकरण नसेल, तर रुग्णांवरच्या तपासणीसाठी एमडी-२२ अर्ज करायचा. शुल्क १ लाख रुपये. सोबत तपासणीचा आराखडा, संशोधकाची माहितीपुस्तिका, प्रयोगशाळेतले आणि प्राण्यांवरचे निष्कर्ष, नीतिशास्त्र समितीची मंजुरी, नुकसानभरपाईची तरतूद आणि संमतीपत्र. पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत, नोंदणी करा.

संमतीपत्रावर वेळ घालवा, ही कळकळीची विनंती. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत गडचिरोली-गोंदियाहून आलेल्या माणसाला "बायोअ‍ॅब्सॉर्बेबल स्कॅफोल्ड" सांगून काय कळणार? "जिवाणूंनी बनवलेली जाळी पोटात बसवणार आहोत, ती काही महिन्यांनी विरघळेल, नको असेल तर नाही म्हणा, तुमच्या उपचारात फरक पडणार नाही" असे सरळ मराठीत लिहा. हिंदी आणि गोंडी बोलणाऱ्यांसाठी वेगळी प्रत करा.

निष्कर्ष समाधानकारक आले, की एमडी-२६ भरून एमडी-२७ मंजुरी घ्यायची. शुल्क ५० हजार रुपये. त्यानंतर उत्पादन परवान्यासाठी एमडी-७ अर्ज. एका जागेसाठी ५० हजार आणि प्रत्येक उपकरणाला १ हजार रुपये. कारखान्याची आणि उपकरणाची मास्टर फाइल (संपूर्ण माहितीचा संच), आयएसओ १४९७१ नुसार जोखीम-विश्लेषण आणि गुणवत्ता व्यवस्थेची कागदपत्रे जोडावी लागतात. तपासणी पथक प्रत्यक्ष येऊन जागा पाहते. शुल्क भरण्याआधी पोर्टलवरचा आकडा एकदा ताडून पाहा.

उत्पादनाचा परवाना एमडी-९ मध्ये मिळाला, की तो टिकवण्यासाठी दर ५ वर्षांनी शुल्क भरायचे. विक्री सुरू झाल्यावर एखाद्या रुग्णात अनपेक्षित गंभीर दुष्परिणाम दिसला, तर समजल्यापासून १५ दिवसांच्या आत सीडीएससीओला कळवायचे. त्या वेळी त्या बॅचची जिवाणूपासूनची नोंद मागितली जाऊ शकते.