गुप्तचर खर्चाचा हिशेब संसदेनं घ्यावा म्हणून लोकसभेकडे याचिका कशी करायची

औशाचे एक निवृत्त मास्तर मागच्या महिन्यात प्लास्टिकचं फोल्डर घेऊन आले. प्रश्न साधा होता: गुप्तचर यंत्रणांचा पैसा तपासतं कोण? दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून त्यांनी माहिती अधिकारात अर्ज टाकला होता. उत्तर एका ओळीचं आलं, कलम 24.

उत्तर नियमाला धरूनच आहे. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कलम 24 नं सूट दिलेल्या संस्थांच्या यादीत, आयबी (देशांतर्गत गुप्तचर) आणि रॉ (परदेशातली गुप्तचर) दोन्ही आहेत. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असेल तरच तिथं फट आहे, एरवी दार बंद. अपील करत बसलात तर पोस्टाचा खर्च तेवढा वाढेल. लोकसभेकडे याचिका करण्याचा रस्ता मात्र उघडा आहे, आणि आपल्याकडं तो फारसा कुणी वापरत नाही.

आधी संसदेला काय दिसतं ते बघा. मंत्रालयं वर्षाच्या खर्चाला संसदेकडं मंजुरी मागतात, त्याला अनुदानाची मागणी म्हणतात. आयबीची रक्कम गृह मंत्रालयाच्या ‘पोलीस’ या मागणीत दिसते, रॉची वेगळी ओळ दिसत नाही. या मागण्या छाननीसाठी खासदारांच्या, खात्यांनुसार नेमलेल्या स्थायी समित्यांकडे जातात. या समित्यांची आजची पद्धत 1993 मध्ये आली, तेव्हा लोकसभेचे सभापती लातूरचे शिवराज पाटील होते आणि गृहमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण. समितीचा अहवाल आला तरी सभागृहात बहुतेक मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना, एकदम मताला टाकून (याला ‘गिलोटिन’ म्हणतात) मंजूर होतात. त्यात अर्थसंकल्प एका वर्षाचा, आणि टेहळणीची यंत्रणा उभी राहायला लागतात कित्येक वर्षं. गुप्तचर संस्थांवर देखरेख ठेवणारी स्वतंत्र संसदीय समिती आपल्याकडं नाही. अमेरिकेत दोन्ही सभागृहांत अशी समिती आहे आणि तिथं 2007 पासून राष्ट्रीय गुप्तचर कार्यक्रमाची एकूण रक्कम दरवर्षी जाहीर होते. इथं 2011 मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी अशा देखरेखीसाठी खासगी विधेयक, म्हणजे सरकारनं न आणलेलं, मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही.

याचिका कोण करू शकतं? कुणीही नागरिक, एकटा किंवा गावानं मिळून. विषय सार्वजनिक हिताचा हवा. कोर्टात चालू असलेला विषय चालत नाही, विधानसभेत मांडायचा विषय चालत नाही, आणि कायद्यानं दाद मागायची दुसरी सोय असलेलाही नाही. मास्तरांची गाडी इथंच अडली असती. ‘माझा अर्ज फेटाळला’ हे गाऱ्हाणं याचिकेत घातलं की ती बाद, कारण त्यासाठी अपील आहे. म्हणून तक्रार काढून मागणी लिहायची: ‘गुप्तचर यंत्रणांच्या अनेक वर्षं चालणाऱ्या खर्चाची छाननी करणारी संसदीय समिती नेमावी.’ मागणी एकच ठेवा. चार ठेवल्या तर कोणती धरायची, हे तुमच्याऐवजी दुसरं कुणी ठरवतं.

मसुद्याचा नमुना लोकसभेच्या कामकाज नियमांच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सुरुवात ‘लोकसभेस’ अशी, मग याचिकाकर्त्याचं नाव, मग हकीकत, मग विनंती. शेवटच्या वाक्यात याचिकाकर्ते कर्तव्य म्हणून सदैव प्रार्थना करत राहतील, असं म्हणावं लागतं. ते वाचून मास्तर म्हणाले, ‘हे तर निजामाच्या दरबारातली अर्जी झाली की!’ असू दे, नमुना तसाच ठेवा. भाषा सभ्य आणि संयत हवी असा नियमच आहे, त्यामुळं ‘भ्रष्ट’, ‘चोर’ हे शब्द गाळा.

मराठीत लिहिलं तरी चालतं, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर हवं आणि त्यावरही तुमची सही हवी. इथंच बरेच जण चुकतात, सही फक्त मराठी प्रतीवर करतात. सही करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहा, सही येत नसेल तर अंगठा.

आता कागदपत्रं. मास्तरांच्या फोल्डरात आधारची झेरॉक्स, पेन्शनचं पुस्तक, शंभराच्या स्टॅम्पवरचं प्रतिज्ञापत्र आणि कात्रणांचा गठ्ठा होता. सगळं परत दिलं. याचिकेला पत्रं, प्रतिज्ञापत्रं किंवा इतर कागद जोडायचेच नाहीत, असं नियम सांगतो. कोर्ट फी स्टॅम्पही लावायचा नाही. स्टॅम्पचे शंभर रुपये गेले याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

याचिका महासचिव, लोकसभा सचिवालय, नवी दिल्ली या पत्त्यावर पाठवता येते, किंवा खासदारामार्फत सभागृहात मांडता येते. खासदार मांडणार असेल तर याचिकेवर त्याचीही सही (प्रतिस्वाक्षरी) लागते. खासदाराच्या कार्यालयात जाताना तयार मसुदा घेऊन जा, ‘साहेब, काहीतरी करा’ म्हणून हात हलवत जाऊ नका. पोस्टानं पाठवत असाल तर स्पीड पोस्ट करा आणि पावती जपून ठेवा.

सभापतींनी संमती दिली की याचिका सभागृहापुढं येते आणि याचिका समितीकडं जाते. समितीत किमान पंधरा सदस्य असतात, मंत्री एकही नाही. समिती मंत्रालयाचं म्हणणं मागवते, गरज वाटली तर साक्ष घेते आणि सभागृहाला अहवाल देते. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, पण मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावं लागतं. मास्तरांना तेवढंच हवं होतं. भाषांतर त्यांची नात करतेय.