मण, शेर, किलो : वजनाच्या भागाकाराची पार्श्वभूमी

वजनाची शाब्दिक उदाहरणे आजच्या शाळांच्या आधीपासून आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) केशराचे एक उदाहरण आहे: ३/७ निष्काला (निष्क हे जुने नाणे) अडीच पल (पल हे जुने वजन) केशर मिळते, तर ९ निष्कांना किती? अडीचला ९ ने गुणून ३/७ ने भागायचे. येतात साडेबावन्न पल. पण उत्तर द्यायचे ५२ पल २ कर्ष असे, कारण ४ कर्षांचा एक पल. उरलेला अर्धा खालच्या मापात उतरवला, की भागाकार पुरा झाला.

हे उतरवणेच पुढे पोरांना छळत राहिले. एका मणाचे ४० शेर, शेराचे १६ छटाक, छटाकाचे ५ तोळे. प्रत्येक पायरीला गुणक वेगळा. १७ मण २० शेर धान्य आठ जणांत वाटायचे असेल तर प्रत्येकी २ मण जातात, १ मण उरतो. त्याचे ४० शेर करून त्यात २० मिळवायचे, ६० झाले. आठाने भागून ७ शेर, उरले ४. त्यांचे ६४ छटाक, म्हणून ८ छटाक. उत्तर २ मण ७ शेर ८ छटाक. घाईत उरलेल्या १ शेजारी २० लिहून १२० केले, तर १५ शेर येतात आणि बाकी शून्य उरते. चुकीचे उत्तर बरोबरपेक्षा नेटके दिसते, म्हणून ही चूक सापडायचीच नाही.

मुंबईत आणखी एक भानगड होती. इथला मण २८ पौंडांचा, सुमारे १२.७ किलोचा, बंगाली मण मात्र सुमारे ३७.३ किलोचा. शेर दोन्हींत ४०च. उदाहरणात मण कोणता ते सांगितले नाही, तर आकडेमोड बिनचूक असूनही प्रत्यक्ष माल जवळजवळ तिप्पट किंवा एक तृतीयांश.

तरीही व्यवहारात भागाकार बराचसा टाळता यायचा. रुपयाचे आणे १६ आणि शेराचे छटाकही १६, म्हणून शेराला जितके रुपये, छटाकाला तितके आणे. मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितके आणे. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी (पाव, अर्धा, सव्वा, दीड, साडेतीन यांचे पाढे) पाठ असणाऱ्याला पाटी लागत नसे. ही सोय आधी नाण्यांनी मोडली. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नये पैसे झाले, वजने मात्र जुनीच राहिली. मग रुपया शेराच्या मालाचा छटाक पडू लागला सव्वासहा नये पैशांना! १९५६ च्या कायद्यानुसार मेट्रिक वजने ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत शेर-मण कायद्याने बाद झाले.

मेट्रिकने सगळ्या गुणकांच्या जागी एकच १००० आणला. चुका मात्र संपल्या नाहीत. १७ किलो २० ग्रॅम म्हणजे १७.०२०, मुले १७.२० लिहितात. आठाने भागल्यावर २ किलो १२७.५ ग्रॅमऐवजी २ किलो १५० ग्रॅम येतात.

दुसरी चूक जास्त चिवट आहे. ५० किलो तांदळाच्या ७५० ग्रॅमच्या पिशव्या भरायच्या आहेत. ५०,००० भागिले ७५०. दोन्हीकडचे एकेक शून्य कापले, ५,००० भागिले ७५. पिशव्या ६६, बाकी ५०. ही बाकी ग्रॅमची नव्हे, दहा-दहा ग्रॅमची. म्हणजे तांदूळ उरतात ५०० ग्रॅम. शून्ये कापली की भागाकार बदलत नाही, बाकी बदलते, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. कॅल्क्युलेटर ६६.६७ दाखवतो, तो .६७ पिशवीचा भाग आहे, किलोचा नव्हे. म्हणून वाटणी आहे की पिशव्या मोजायच्या आहेत, हे आधी ठरवावे. ५० किलो ८ जणांत वाटले तर उत्तर किलोत येते, ८ किलोच्या पोत्यांत भरले तर पोत्यांत, आकडे तेच.

जुने माप एका बाजारात अजून जिवंत आहे. कापसाचा, म्हणजे रुईचा, भाव आजही खंडीवर सांगतात. मुंबईची कापसाची खंडी २८ मणांची, मण २८ पौंडांचा. ७८४ पौंड म्हणजे ३५५.६ किलो. गाठ मात्र १७० किलोची. शंभर गाठींचे १७,००० किलो, त्याला ३५५.६ ने भागले की ४७ खंड्या होऊन सुमारे २८७ किलो उरतात. बिल करताना ही बाकी सोडत नाहीत, ४७.८१ खंडी धरून भावाने गुणतात.