आर-३२ आणि आर-२९०: दोन्ही ज्वलनशील, पण धोका एकसारखा नाही

उन्हाळ्यात कोल्हापुरात एसी दुरुस्त करणाऱ्यांना श्वास घ्यायला सवड नसते आणि याच घाईत आर-३२ व आर-२९० हे एसीत थंडावा निर्माण करणारे दोन वायू ‘जळणारा गॅस’ म्हणून एकाच पंक्तीत बसवले जातात. दोन्ही ज्वलनशील आहेत हे खरे. परंतु एकाच्या बाबतीत पुरेशी ठरणारी काळजी दुसऱ्याच्या बाबतीत अपुरी पडते, आणि हा फरक कामाला हात घालण्याआधीच ध्यानात असायला हवा.

आर-२९० म्हणजे अतिशुद्ध प्रोपेन, तर आर-३२ म्हणजे डायफ्लुरोमिथेन. ज्वलनशीलतेच्या वर्गवारीत पहिला ए-३ मध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवर येतो. दुसरा ए-२-एल मध्ये, म्हणजे सावकाश जळणाऱ्यांत. हवेत साधारण २.१ टक्के प्रोपेन मिसळला तरी मिश्रण पेट घेऊ शकते. आर-३२ साठी हेच प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यावर खाली साचतात.

या आकड्यांचा अर्थ दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत पाहू. आर-२९० च्या एसीतून ३०० ग्रॅम वायू गळून जमिनीलगत पसरला, तर तो सुमारे ८ घनमीटर हवा पेटण्याजोगी करू शकतो. म्हणजे खोलीत पावणेतीन फूट उंचीपर्यंतचा थर. आर-३२ चे ८०० ग्रॅम गळले, तरी तसा थर जेमतेम फूटभर होतो. गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एखाद्या अरुंद, बंद दुकानात, जिथे कोपऱ्यात देवापुढे समई तेवत असते आणि मागच्या बाजूला दागिन्यांना डाग देण्याची, म्हणजे जोड सांधण्याची, ज्योत चालू असते, तिथे या पावणेतीन फुटांचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही. दार उघडणे, ज्योती विझवणे आणि पंखा आधीपासूनच चालू ठेवणे ही कामे पाना हातात घेण्यापूर्वीची आहेत.

प्रोपेनला पेटायला अगदी क्षीण ठिणगी पुरते. एसीच्या शेजारचा स्विच बंद करताना उडणारी ठिणगीही त्यात आली. म्हणून एसीचा वीजपुरवठा दूरच्या एमसीबीवरूनच (मुख्य बोर्डावरच्या स्विचवरून), गॅस सुटण्याच्या आधी तोडायचा आणि नळ्यांतला उरलेला वायू ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप खोलीबाहेर मोकळ्या हवेत ठेवायचा. आर-३२ पेटवायला त्या मानाने बरीच अधिक ऊर्जा लागते, आणि इथेच मेकॅनिक गाफील राहतो. ब्रेझिंगच्या, म्हणजे तांब्याच्या नळ्या सांधण्याच्या, ज्योतीत सापडलेला आर-३२ जळतो आणि त्यातून हायड्रोजन फ्लोराइड हा फुप्फुसांना व डोळ्यांना घातक वायू तयार होतो. प्रोपेनमध्ये फ्लोरीनच नसल्याने त्याच्या बाबतीत हा धोका उद्भवत नाही.

दाबाच्या बाबतीत पारडे उलटते. ४५ अंश तापमानाला आर-२९० चा दाब सुमारे १५ बार, तर आर-३२ चा सुमारे २८ बार असतो. त्यामुळे आर-२२ या जुन्या एसींतल्या वायूसाठी घेतलेले दाब मोजणारे गेज आणि नळ्या आर-३२ वर चालवणे हा जिवाशी खेळ आहे. पंपडाऊन करताना, म्हणजे सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेताना, नळी जोडणाऱ्या सैल फ्लेअर नटमधून हवा आत ओढली गेली, तर हवा, तेलाची वाफ आणि प्रचंड दाब एकत्र येऊन कंप्रेसर फुटू शकतो. नट आवळलेला आहे की नाही हे पाहूनच पंपडाऊन सुरू करावे, आणि कंप्रेसर थांबल्याशिवाय एकही नळी सोडू नये.

गॅस बाहेर काढण्याची रीतही वेगळी आहे. आर-३२ ची पृथ्वीच्या तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट असल्यामुळे तो ज्वलनशील वायूंसाठी बनवलेल्या, गॅस ओढून घेणाऱ्या रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्येच घ्यायला हवा. आर-२९० ची क्षमता नगण्य आहे. कंपनीच्या सूचना परवानगी देत असतील, तर तो लांब नळीने गच्चीसारख्या मोकळ्या जागी, गटार आणि खिडकीपासून दूर, हळूहळू सोडता येतो. मात्र प्रोपेन कंप्रेसरच्या तेलात चांगलाच विरघळतो. गेज शून्यावर आले म्हणून ज्योत लावली, तर तापलेल्या तेलातून तो पुन्हा बाहेर येतो. म्हणून व्हॅक्यूम, मग कोरडा नायट्रोजन, पुन्हा व्हॅक्यूम, आणि जुना जोड ज्योतीने न सोडवता पाइप कटरने कापणे, हाच क्रम पाळावा.

गळती शोधताना नाकावर विसंबू नये. घरच्या सिलिंडरला वास यावा म्हणून त्यात मुद्दाम द्रव्य मिसळलेले असते. एसीतल्या आर-२९० मध्ये तसे काही नसते. फ्लोरीन-क्लोरीन ओळखणारा नेहमीचा डिटेक्टर प्रोपेनपुढे गप्प राहतो, त्यामुळे ‘गळती नाही’ असा खोटा दिलासा मिळतो. त्यासाठी हायड्रोकार्बन ओळखणारा डिटेक्टर हवा. साबणाचे पाणी मात्र दोन्हींना चालते.

आर-२९० चा दाब आर-२२ च्या जवळपास असल्याने जुन्या आर-२२ च्या एसीत तोच भरून देण्याचा मोह होतो, आणि एसी थंडही करतो. पण त्या यंत्रातले रिले, स्विच आणि थर्मोस्टॅट ज्वलनशील वायूच्या हिशेबाने बनवलेले नसतात, आणि पुढच्या वेळी ते उघडणाऱ्या मेकॅनिकला एसीवरच्या माहितीपट्टीवर आर-२२ च लिहिलेले दिसते. असे काम ग्राहकाने कितीही आग्रह धरला तरी नाकारावे.