त्वचा, केस व नखे यांची तपासणी

त्वचेचे विकार, तसेच रक्तक्षय, थायरॉइड, यकृत व फुप्फुसे यांच्या आजारांची बाह्य चिन्हे शोधण्यासाठी केली जाणारी रुग्णपरीक्षा.

ही तपासणी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात करतात. ट्यूबलाइटखाली पुसट डाग आणि सौम्य कावीळ नजरेतून सुटते. पावसाळी अंधारात टॉर्च तिरपा धरावा, म्हणजे किंचित उंचवटाही सावलीने कळतो. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, जांघांत, तळपायांवर व तोंडाच्या आत पाहिलेच पाहिजे. लाल डागावर काचपट्टी दाबली असता लाली गेली नाही, तर रक्त त्वचेत उतरले आहे असे समजतात. सावळ्या त्वचेवर लाली जांभळट-तपकिरी दिसते, म्हणून ऊब व सूज हातानेच पाहावी.

कुष्ठरोगाची शंका असल्यास फिकट डागावर कापसाची वात टेकवून संवेदना तपासतात आणि कोपरामागचा मज्जातंतू जाड झाला आहे का ते चाचपतात. गोव्यात या परीक्षेला जुना संदर्भ आहे: सासष्टीतील माकाझनचे कुष्ठरोग रुग्णालय साधारणपणे 1930च्या दशकातले मानतात. व्यवसाय विचारणेही आवश्यक. काजूच्या टरफलातील तेलाने बोटे भाजल्यासारखी काळवंडतात; टिकलीखाली पडणारा पांढरा डाग बहुधा तिच्या गोंदातील रसायनाचा असतो आणि तो घाईत कोड ठरवला जातो.

केसगळती जोखण्यासाठी केस ओढून पाहण्याच्या चाचणीबाबत मतभेद आहेत. 50–60 केसांची बट अंगठा व दोन बोटांत मुळाशी धरून टोकाकडे हलकेच ओढतात. जुन्या ग्रंथांनुसार 10 टक्क्यांहून अधिक, म्हणजे सहापेक्षा जास्त केस हाती आले तर चाचणी होकारार्थी. त्याआधी 24 तास केस धुवायचे नाहीत, अशीही अट. 2017 मधील एका अभ्यासात बहुतेक निरोगी व्यक्तींचे दोन किंवा कमीच केस निघाले आणि धुण्या-विंचरण्याने फरक पडला नाही. दोनची मर्यादा अधिक सयुक्तिक वाटते. ओपीडीत बटेतले केस मोजून टक्केवारी काढणार कोण? निघालेल्या केसाचे मूळ भिंगाखाली पाहावे: टोकाशी पांढरी गाठ असेल तर तो विश्रांतीच्या अवस्थेतला केस.

वुड दिव्याची, म्हणजे त्वचा तपासण्याच्या अतिनील किरणांच्या दिव्याची, निर्मिती 1903ची. त्वचारोगांतील पहिला वापर सामान्यतः 1925 मधला सांगतात. त्याच्या सुमारे 365 नॅनोमीटरच्या किरणांत कोड निळसर-पांढरे उजळते. मलम किंवा साबणाचा अंशही चमकतो व फसवतो.

नखे पाहण्यापूर्वी नेलपॉलिश काढावे. हाताचे नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर, पायाचे साधारण 1 मिलिमीटर वाढते. त्यामुळे आजारात वाढ खुंटून हाताच्या नखावर पडलेली आडवी खाच मुळापासून 6 मिलिमीटरवर असेल तर तो आजार सुमारे दोन महिन्यांपूर्वीचा असावा. बुरशीचा नमुना नखाच्या मोकळ्या कडेचा घेऊ नये. नख मागे कापत जाऊन, निरोगी भागालगतचा, नखाखालचा भुसा खरवडून घ्यावा. कडेच्या भुशातील बुरशी बरेचदा मेलेली असते आणि अहवाल नकारार्थी येतो.