चिलखताचा फोम अंडरसूटला लावू नका

शिगम्याच्या मिरवणुकीची तयारी सुरू झाली की कुणी ना कुणी तोच प्रश्न घेऊन येतं: "अंतराळयोद्ध्याच्या चिलखतासाठी आणलेली इव्हा फोमची शीट उरलीय, तिचाच आतला अंडरसूट करू ना?" नको रे बाबा. त्यावर "फोम म्हळ्यार फोम मरे" हे उत्तर मी फोंड्यापासून म्हापशापर्यंत इतक्या वेळा ऐकलंय, की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

इव्हा तुम्हाला ठाऊकच आहे. लहान मुलांच्या जोडायच्या मॅटमध्ये असते ती. धारदार कटरने कापायची, हीट गनने तापवून वाकवायची, थंड झाली की आकार धरते. छाती, खांदे, पोटऱ्या, शिरस्त्राण यांना तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

अंडरसूट म्हणजे त्या कवचांच्या फटींतून दिसणारा काळा, खाचाखाचांचा थर. तो दिसतो नेमका जिथे शरीर वाकतं तिथे: कोपराच्या आत, काखेत, मानेभोवती, गुडघ्यामागे. त्याला लागतो पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन फोम. गादीवाल्याकडे मिळतो तो सोफ्याचा फोम.

फरक बुडबुड्यांचा आहे. इव्हात प्रत्येक बुडबुडा चारी बाजूंनी बंद असतो. सोफ्याच्या पीयूत बुडबुड्यांच्या भिंती फुटलेल्या असतात, त्यामुळे हवा एकातून दुसऱ्यात फिरते. ओळखायचं असेल तर तुकडा ओठांना घट्ट लावून फुंकर मारा आणि पलीकडे तळहात धरा. वारा लागला तर पीयू, नाही लागला तर तो पीयू नव्हे. दुकानदार काय म्हणतो याच्यावर जाऊ नका. पॅकिंगच्या पांढऱ्या फोमलाही तो इव्हाच म्हणतो, आणि तो तर दोन्हींपैकी कुठलाच नाही.

आता कोपर दुमडून बघा. आतल्या बाजूला जागाच उरत नाही, तिथलं जे काही आहे ते चेपलं गेलं पाहिजे. पीयूतली हवा निघून जाते, फोम चपटा होतो, हात सरळ केला की पुन्हा फुगतो. इव्हातल्या हवेला जायला वाट नाही. मग शीट मध्येच घडी घालून वर येते, कवचाला ढकलते आणि हात दुमडायला जोर लावावा लागतो. यावर लोकांचा ठरलेला उपाय म्हणजे २ मिलिमीटरची पातळ इव्हा. ती वाकते, कबूल. पण लायक्रासारखी ताणली जात नाही, त्यामुळे कोपराच्या बाहेरच्या बाजूला शीटचे जोड उकलतात, आणि दिसायला रेनकोट घातल्यासारखं दिसतं.

दुसरी गोष्ट घामाची. मार्चमधल्या आपल्या दमट हवेत घाम एरवीही वाळत नाही, त्यात अंगाभोवती बंद बुडबुड्यांची भिंत. पहिल्या वर्षी मी इव्हाचाच अंडरसूट घातला होता. मिरवणूक अर्धी व्हायच्या आत पाठीचा घाम कमरेशी साठला आणि मग सरळ बुटांत उतरला. पीयू तुम्हाला गार ठेवेल असं मी म्हणत नाही. कवचाखाली कुठलाही फोम उकडणारच. पण त्यातून वाफेला थोडी तरी वाट मिळते.

पण म्हणून पीयूचा अख्खा पायजमा-सदरा शिवायला बसू नका. फोम एका हद्दीपर्यंतच ताणतो, मग फाटतो. ताण कापडाने घ्यायचा, फोमने फक्त जाडी द्यायची. अंगाला घट्ट बसणारा काळा लायक्राचा सूट घ्या, ज्याच्यासाठी करताय त्यालाच तो घालायला लावा आणि हातपाय वाकवायला सांगून खडूने पट्टे आखा. तीन-चार सूत, म्हणजे साधारण सेंटिमीटरभर जाडीचे फोमचे पट्टे कापा. पट्ट्यांमध्ये बोटभर नुसतं कापड सोडा, वाकायचं काम तिथेच होतं. कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह पट्ट्याच्या मधल्या भागालाच लावा. सगळीकडे फासलात तर वाळलेला गोंदच कापडाची लवचीकता मारतो. वरून पुन्हा लायक्रा ताणून खाचांमधून शिवण घाला. तो खाचाखाचांचा देखावा शिवणीनेच छान येतो.

रंगाचं म्हणाल तर फोम काळा किंवा करडा बघून घ्या. कोऱ्या फोमवर ब्रशने रंग फासला तर तो पहिल्याच बैठकीत तडकतो. घनतेवरही फार डोकं शिणवू नका. ३२ की ४० हा आकडा घनमीटरमागे किलो सांगतो, फोम मऊ की कडक हे नाही. दाबून बघा आणि घ्या.

एका गोष्टीवर मात्र मी भांडतो. पीयूवर हीट गन आणि तापलेला सोल्डरिंग आयर्न. इव्हाची सवय हाताला लागलेली असते, म्हणून लोक खाचा जाळून पाडायला जातात. पीयू तापवून आकार धरत नाही, करपतो, आणि त्या धुराने छाती भरते. खाचा कात्रीने पाडा.

मिरवणूक संपल्यावर सूट कोमट पाण्यात साबणाने दाबून धुवा. पिळू नका, फोम फाटतो. पंख्याखाली पुरता वाळवा, कारण आतून ओला राहिलेला पीयू पावसाळ्यात हमखास बुरशी धरतो. कडक उन्हातही टांगू नका, तो पिवळा पडतो आणि काही वर्षांत त्याचा भुगा होतो. आणि हा भुगा किंवा उरलेले तुकडे दिवाळीत नरकासुराच्या पुतळ्याच्या पोटात भरू नका. पीयू जळताना सायनाइडचा विषारी वायू निघतो, आणि पहाटे नरकासुर जाळताना सगळ्यात जवळ उभी असतात ती वाड्यावरची पोरं. गवत भरा.